मुंजाबाची पाठ

मुंजाबा मला पहिल्यांदा भेटला तेव्हा मी नासेर सरांचा गळा आवळत होते.

श्रावणातली संध्याकाळ होती. दिवसभर भुरभुर चालली होती आणि आमच्या हॉलच्या पत्र्यावर तिचा एकसारखा आवाज येत होता. हॉल म्हणजे स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका टायरच्या दुकानाचा वरचा मजला. खाली पंक्चरं निघायची, वर निळ्या गाद्यांवर आम्ही ग्रॅपलिंग शिकायचो. नो-गी ग्रॅपलिंग. म्हणजे अंगात जाड अंगरखा नाही, धरायला कापड नाही, घामेजल्या हातांनी माणसालाच धरायचं. मारामारी नसते यात. समोरच्याला असं अडकवायचं की त्यानं आपण होऊन हार मानावी आणि हातानं दोन थापा माराव्यात. थाप पडली की सोडायचं.

त्या दिवशी सर नव्या मुलांना दाखवत होते की, पाठ दुसऱ्याच्या ताब्यात गेली की काय होतं. ताबा माझा होता. मी त्यांच्या पाठीला घट्ट चिकटलेली, पाय त्यांच्या मांड्यांच्या आतून आकड्यासारखे अडकवलेले, उजवा हात हनुवटीखाली. सरांना नाटकाची हौस. डोळे फिरवून, पाय झाडून ते जीव जात असल्यासारखं करत होते.

तेवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि एक मुलगा आत आला. भिजलेला, कंपनीचा निळा शर्ट, पायात चिखलानं भरलेले बूट. खाली गाडीचं पंक्चर काढायला दिलं होतं आणि वरून धपाधप आवाज येत होते म्हणून तो बघायला आला होता. त्यानं एकदा सरांच्या लाल चेहऱ्याकडं बघितलं, आणि तसाच, बुटांसकट, गादीवर चढला आणि माझं मनगट धरलं.

"सोडा त्यांना. मरतील ते."

पकड जबरदस्त होती... पण इतकी जपून धरलेली, की मनगट माझंच आहे आणि ते मला परत द्यायचं आहे, हे त्याला आधीपासून ठाऊक असावं.

सर माझ्या हाताखालूनच म्हणाले, "हौ मियाँ, ठीक हूँ मैं. पैले जूते निकालो."

सगळा हॉल हसला. त्यानं खाली बघितलं. निळ्या गादीवर दारापासून आमच्यापर्यंत चिखलाचे ठसे उमटले होते. त्याचे कान लालबुंद झाले. कान मुडपलेले होते, जुन्या पैलवानाचे असतात तसे. त्यानं बूट काढले, कोपऱ्यातलं फडकं घेतलं आणि गुडघ्यावर बसून एकेक ठसा पुसत दारापर्यंत गेला. जाताना सरांना क्लासची वेळ विचारून गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा बूट त्याच्या हातात होते.

मी मनकर्णा. पिशोरची. घरी मका आणि आद्रक. मी शहरात एका खासगी हॉस्पिटलात एक्स-रे काढते. एका मैत्रिणीच्या नादानं या हॉलवर आले होते; मैत्रीण आठवड्यात कंटाळली, मी दोन वर्षं टिकले. घरी सांगितलं होतं की जिमला जाते.

मुंजाबा दौलताबादच्या बाजूचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. वडील गेले तरी आई, दगडाबाई, अजून मेंढरांमागं फिरते. हा वाळूजच्या कारखान्यात, पत्रे दाबायच्या प्रेसवर, तीन शिफ्टमध्ये. वडील असेपर्यंत जत्रांमध्ये कुस्त्या खेळायचा. हे सगळं मला कळायला महिना लागला, कारण त्याच्याकडून शब्द काढणं म्हणजे आडातून पोहरा काढण्यासारखं होतं. कंपनीत त्याला सगळे मुन्ना म्हणायचे. मी म्हटलं, मी मुंजाबाच म्हणणार.

"नका म्हणू. हसत्यात लोक," तो म्हणाला.

"मनकर्णा नावाच्या मुलीला कोण हसतं ते मला माहीत आहे. आपल्या दोघांची नावं मतदारयादीतल्या म्हाताऱ्यांसारखी आहेत."

तो हसला. मग जरा थांबून, गादीकडं बघत म्हणाला, "आई म्हणती, मुंजाबा नाव ठेवून चुकी झाली. पिंपळावरचा मुंजा कुठं लगीन करतो..."

"मग?"

"मग काय. बसायचं पिंपळावर."

मी त्याच्या डोळ्यांत बघितलं, आणि त्यानं घाईनं पाण्याची बाटली तोंडाला लावली. बाटली रिकामी होती.

खेळात तो तगडा होता. उभ्यानं कुणालाही उचलून टाकायचा. पण खाली आला की त्याचं एक ठरलेलं होतं. पाठ जमिनीला लागायच्या आत, माशासारखा उसळून, पोटावर पालथा व्हायचा. कुस्तीत ते बरोबरच. पाठ टेकली की कुस्ती गेली. पण आमच्यात पालथं होणं म्हणजे दुसऱ्याला स्वतःची पाठ वाढून देणं. आणि पाठ मिळाली की मी सोडत नाही. मी त्याच्यामागं चिकटायचे. एक हात त्याच्या खांद्यावरून, दुसरा काखेखालून, छातीवर दोन्ही पंजे एकमेकांत, गाडीच्या सीटबेल्टसारखे. मग पायांचे आकडे.

सुटायची रीत सरांनी त्याला पन्नास वेळा सांगितली. गळ्याकडं येणारा हात दोन्ही हातांनी धरायचा, काखेखालच्या हाताच्या बाजूला सरकायचं, खांदा टेकवायचा, मग पूर्ण पाठ टेकवायची. पाठ गादीवर आली की मागच्या माणसाला मागं जागाच उरत नाही. ऐकायला सोपं. पण सात वर्षांचा असल्यापासून ज्याला पाठ टेकवू नको असं शिकवलं, त्याचं अंग ऐकेना.

"पाठ टेकवा," मी त्याच्या कानाशी म्हणायचे.

"टेकवतो की."

"कधी?"

"...जरा दमानं."

त्याच्या पाठीला माझा गाल लागलेला असायचा. आतली धडधड ऐकू यायची. आधी वाटायचं, दमलाय. मग लक्षात आलं, डाव सुरू व्हायच्या आधीपासूनच ती तशी चालू असते. आणि माझीही.

दसऱ्याच्या आठवड्यात ती गोष्ट घडली.

तो लागोपाठ दोन शिफ्ट करून आला होता. मी त्याची पाठ घेतली आणि हात हनुवटीखाली सरकवला. कोपर गळ्यासमोर, पंजा माझ्याच दुसऱ्या दंडावर, दुसरा पंजा त्याच्या डोक्यामागं. यात श्वासनळी दाबत नाहीत. मानेच्या दोन बाजूंच्या नसा दाबल्या जातात. दुखत फारसं नाही, पण काही सेकंदांत डोळ्यांपुढं अंधार येतो. त्याआधी थाप मारायची असते. मुंजाबानं आजवर कधी थाप मारली नव्हती. दरवेळी मीच वेळेवर सोडायचे. त्या दिवशी सर म्हणाले होते, तू सोडू नको. थाप मारायला शिकणं त्याचं काम आहे.

मी वाट बघत राहिले... थापेची. आणि एकदम तो जड झाला. एखादं भरलेलं पोतं अंगावर कलंडावं तसा.

मी ओरडले. सरांनी त्याला आडवा केला, पाय वर धरले. चार-पाच सेकंदच असतील. त्यानं डोळे उघडले आणि विचारलं, "शिफ्ट सुटली का?"

बाकीचे सुटकेचं हसले. मी कपडे बदलायच्या खोलीत गेले आणि दार लावून रडले.  रोज मी माणसांची मोडलेली हाडं बघते, तेव्हा कधी रडले नव्हते.

आठ दिवस मी हॉलवर गेलेच नाही. गेले तेव्हा कुणाच्याही गळ्याभोवती हात पुरता आवळला जाईना. अर्ध्यात आला की आपोआप सुटायचा.

मग एका दुपारी तो हॉस्पिटलच्या फाटकाशी उभा दिसला. हातात सीताफळांची पिशवी. समोरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. बराच वेळ त्यानं नुसती बशी फिरवली. मग म्हणाला, चूक त्याची होती. त्याला बास म्हणताच येत नाही.

त्यानं सांगितलं ते असं. चौदा वर्षांचा असताना एका जत्रेत कुस्तीत त्याचा हात पिरगळला आणि तो ओरडला. सगळ्या फडानं ऐकलं. वडील मारणारे नव्हते. त्यांनी फक्त तीन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं. हा समोर बसलेला असायचा आणि ते मेंढरांना सांगायचे, पोराला म्हणावं भाकर खाऊन घे. तेव्हापासून त्याच्या तोंडून कधी दुखल्याचा आवाज निघाला नाही. सुपरवायझर म्हणाला पुढच्या शिफ्टलाही थांब, की हा थांबतो. दोन शिफ्ट होवोत नाहीतर तीन.

मला त्या माणसाचा राग आला, जो आता जगात नव्हता. आणि समोरच्याचाही.

"तू थाप मारली नाहीस तर मला कसं कळणार?" मी म्हटलं. ‘तू’ कधी म्हणायला लागले ते माझं मलाच कळलं नाही. "मी मागं असते, मुंजाबा. मला तुझं तोंड दिसत नाही."

 चहावर साय धरली.

"मारंन," तो म्हणाला. "तुज्यासाठी मारंन."

मग त्यानं थापा मारायला सुरुवात केली ती अशी, की माझा हात खांद्यावर यायच्या आतच टप-टप.

"अजून मी काहीच केलं नाही."

"लांबूनच भ्या वाटलं."

"खोटारडा."

"बास म्हणायचा सराव करतोय. तूच म्हणालीस."

हसता हसता माझी पकड सुटायची. असं पंधरा दिवस. मग हळूहळू तो खरी वेळ आल्यावर थाप मारू लागला, आणि त्या थापेवर विसंबून माझे हात पुन्हा पुरते आवळले जाऊ लागले.

डिसेंबरच्या एका संध्याकाळी, हॉलमध्ये आम्ही चारच जण होतो. मी त्याच्या पाठीवर होते. त्यानं माझा गळ्याकडचा हात दोन्ही हातांनी धरला, सरकला... आणि खांदा टेकवला. क्षणभर त्याचं सगळं अंग ताठ झालं. मग त्यानं श्वास सोडला आणि पाठ टेकवली. पूर्ण. मी बाजूला पडले, तो वळला, आणि आम्ही समोरासमोर आलो, नाकाला नाक लागेल इतके. थंडीतही त्याच्या भुवईवरून घामाचा थेंब उतरत होता.

"टेकली," तो हळूच म्हणाला.

"हो."

 सर भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "टाइम हो गया बच्चो."

माघात नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन आला. फुलंब्रीचं स्थळ होतं. मुलगा पुण्यात इंजिनिअर. रविवारी बघायला येणार होते. मी मुंजाबाला जिन्यावर गाठून सांगितलं. त्यानं काय म्हणावं असं मला वाटत होतं, ते एखाद्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

 "चांगला असंल मुलगा," तो म्हणाला.

"एवढंच?"

"...व्हय."

मी उतरून निघून गेले. वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर रडले असते.

रविवारी पिशोरच्या घरी मी साडी नेसून पोहे दिले. मुलाची आत्या माझ्याशेजारी बसली होती. बांगड्या बघायला तिनं माझा हात हातात घेतला आणि तिला दंडावरचे काळेनिळे डाग दिसले. ती वाईट बाई नव्हती. आवाज खाली करून तिनं विचारलं, कुणी मारतं का गं तुला?

माझी आई पटकन म्हणाली, बाथरूममध्ये पाय घसरला होता. मला तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण डोक्यात सारखं येत होतं, की मी एका माणसाला आवाज काढायला शिकवते आणि स्वतः गप्प बसते. मी सांगितलं. ग्रॅपलिंग शिकते, मुलांबरोबरही खेळते, हे त्या खेळाचे डाग आहेत, आणि लग्नानंतरही खेळणार आहे.

मुलाच्या वडिलांनी कप खाली ठेवला. कळवतो म्हणाले. चांगली माणसं होती, चहा संपवून गेली.

नाना ओट्यावर बसून होते. मला वाटलं, आता पोरांबरोबर खेळण्यावरून बोलतील. ते एवढंच म्हणाले, "जिमला जाते म्हणून दोन वर्षं खोटं का बोललीस? मी काय इतका वंगाळ बाप हाय?"  मी त्यांच्या पायाशी बसून राहिले.

झोपायच्या आधी मी मुंजाबाला लिहिलं: ते लोक गेले. मी सगळं खरं सांगितलं. त्यानं वाचल्याचं दिसलं. उत्तर आलं नाही.

सकाळी दहाच्या सुमाराला शेतात आद्रकीची काढणी चालू होती. मी बायकांबरोबर बसून माती झाडत होते, कोपरापर्यंत चिखल. बांधावर एक गाडी थांबली. मुंजाबा. रात्रपाळी करून तसाच आलेला, डोळे तांबडे.

नानांनी विचारलं कोण. त्यानं नाव-गाव सांगितलं. नानांनी त्याचे कान बघितले आणि विचारलं, पैलवान का? तो म्हणाला, व्हतो. मग नाना म्हणाले, पोती टेम्पोत टाक.

मी उठायला लागले तर आईनं माझा पदर ओढून बसवलं. दुपारपर्यंत तो पोती वाहत होता. माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. एकदाही! मी मात्र किती आद्रक न झाडता टोपलीत टाकली याचा हिशोब नाही.

जेवायला लिंबाखाली सगळे बसले. अर्धी भाकरी झाल्यावर नानांनी विचारलं, "काय कामानं आलता?"

मुंजाबानं हातातला तांब्या खाली ठेवला.  मला वाटलं, गेला हा, आता गप्प बसणार.

"नाना, मला मनकर्णा आवडती," तो म्हणाला. "तिला दुसरीकडं देऊ नका. आमी धनगर हाव, ते तुमाला आधी ठाव असावं. तिला मी आजून कायच बोललो नाय. ती नाय म्हणली तर मी गप जाईन. पर तिला न इचारता तुमी नाय म्हणू नका."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. आजूबाजूच्या बायका भाकरीकडं बघत होत्या, पण एकही जेवत नव्हती.

"लोक बोलतील," नाना म्हणाले.

"व्हय."

"भावकी तर लई बोलंल. मग तू काय बोलशील त्यांना?"

"मला लोकांशी बोलता येत नाय. लई अवघड जातं." तो थांबला. "तुमच्याशी बोललो."

 नानांनी ठेच्याची वाटी उचलली आणि त्याच्या ताटात ठेचा वाढला. हो म्हणाले नाहीत. म्हणाले, मला वेळ लागंल, घाई करू नका, आणि लपूनछपून काही करू नका. मग मला म्हणाले, "जा, गाडीपत्तोर सोड त्याला. त्याला झोप आलीय."

बांधावरून चालताना दोघांमध्ये एक हात अंतर होतं. मागं शेतभर डोळे.

"माझ्या बापाला आधी सांगितलंस," मी म्हटलं. "मला सोडून सगळ्या मजूर बायकांना सांगितलंस."

"तुला सांगायचं म्हणलं की शब्द पळत्यात."

"कधीपासून हे?"

"काय की. शिफ्ट सुटली की घरच्या रस्त्याला गाडीच वळंना झाली..." तो मान खाली घालून किल्ली शोधत होता. किल्ली गाडीलाच होती. "तू काय म्हणतीस?"

"पिंपळावरून उतर," मी म्हणाले. "माझं तुला हो आहे. नाना दहा वर्षं थांब म्हणाले तरी हो आहे."

 माझ्या चिखलानं भरलेल्या हाताचं एक बोट त्यानं धरलं, अगदी एकच, आणि सोडलं. मग गाडीला किक मारली. ती तिसऱ्या किकला सुरू झाली.

नानांना आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत घरी कुणी हा विषय काढला नाही. मी दर रविवारी पिशोरला जायचे, मुंजाबा जायचा नाही. घाई करणार नाही असा शब्द दिला होता. एक चुलते नानांशी बोलेनासे झाले. कुणी काय सांगितलं असेल ते नानांनी घरापर्यंत येऊ दिलं नाही.

आश्विनात एक दिवस ते कुणाला न सांगता एकटेच दौलताबादला गेले. विचारत विचारत दगडाबाईंची मेंढरं ज्या रानात बसली होती तिथं पोचले. दोघं बांधावर बसून बोलली, त्यातलं एकच नानांनी सांगितलं; बाकीचं आजवर कुणालाच कळलेलं नाही. तिथून नाना एसटीनं शहरात आले आणि मला हॉस्पिटलच्या बाहेर बोलावलं. धोतराला लेंड्या आणि गवत चिकटलेलं होतं.

"त्याच्या आईला इचारलं, तुझं पोरगं कसं हाय," ते म्हणाले. "म्हणली, बोलत नाय जास्त. पर एक मेंढरू हरवलं तर सापडंपत्तोर जेवत नाय." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "मला एवढं बास झालं. कार्तिकात तुळशीचं लगीन झालं की बघू तारीख."

मी भर रस्त्यात त्यांच्या गळ्यात पडले. ते अवघडून म्हणाले, लोक बघत्यात.

हॉलवर पोचले तेव्हा क्लास सुरू व्हायचा होता. मुंजाबा जिन्याच्या मधल्या पायरीवर पायाला पट्टी बांधत बसला होता. मी त्याला नाना कुठं गेले होते ते सांगितलं, त्याची आई काय म्हणाली ते सांगितलं, आणि कार्तिकाचं सांगितलं. तो ऐकत राहिला. पट्टी हातातून सुटून दोन पायऱ्या खाली उलगडत गेली, ती त्यानं धरली नाही.

"आई आसं म्हणली?" त्यानं विचारलं. 

"हो."

त्यानं मनगटानं डोळे पुसले आणि भिंतीकडं सरकून माझ्यासाठी जागा केली. पायरी अरुंद होती. मी बसले.